मांडीवरचा हात

दिवाळी अंकात लेखकाने गोडधोड वाढावे, अशी आपल्याकडची रीत. चकलीसारखा खुसखुशीत विनोद, अनारशासारखी हलकी आठवण, शेवटी चिमूटभर सुविचार, की ताट भरले. या पानावर मीही आजवर तेच करीत आलो. पण कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट पायाखाली फोडून त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. यंदा ती रीत मी उसनी घेणार आहे. गृहिणींनी राग मानू नये. फराळ कोठे पळून जात नाही.

गोष्ट सुरू होते अकोल्याला, माझ्या मामांच्या अंगणात, मे 1993 मध्ये. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि अमरावतीहून उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेलो होतो. अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून पटायचे नाही. मोर्णेत पाणी नावापुरते, घरात वाळ्याचे पडदे आणि अंगणात पाण्याने भरलेली आंब्यांची बादली. मामा कोर्टात एका वकिलांकडे मुन्शी होते. कोर्टाला सुटी असल्यामुळे सकाळी बाजेवर बसून वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे, तेही मोठ्याने. ऐकणारा मी, आणि ऐकत नाही असे दाखवणाऱ्या मामी.

त्या दिवशीच्या बातमीत दोन आकडे होते. ठरावाच्या बाजूने 196. विरुद्ध शून्य. आणि खाली लिहिले होते की ठराव फेटाळला गेला.

"मामा, छापायला चुकले असतील," मी म्हणालो. "विरुद्ध कोणीच नाही, तर ठराव पडला कसा?"

"छापणारे नाई चुकले राज्या," मामा म्हणाले. "इकडे ये. अन् त्या आंब्याच्या कोया आन."

वाचकांपैकी पुष्कळांना तो प्रसंग आठवत असेल. तरी तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. त्याआधी ते पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. चंदीगडच्या त्या काळात सरकारी निवासस्थानाच्या सजावटीवर सरकारी पैसा वारेमाप उधळला, हा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप. लोकसभेच्या 108 सदस्यांनी त्यांना पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावर सह्या केल्या. मार्च 1991 मध्ये सभापती रवि राय यांनी तो दाखल करून घेतला आणि तिघा न्यायाधीशांची चौकशी समिती नेमली. समितीचे प्रमुख होते आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत. समितीने 14 पैकी 11 आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला. मे 1993 मध्ये सोमनाथ चटर्जी यांनी लोकसभेत ठराव मांडला. न्यायमूर्तींची बाजू कपिल सिब्बल यांनी सभागृहापुढे उभे राहून मांडली. 11 मे रोजी मतदान झाले.

आता कोयांकडे वळू. मामांनी दहा मतांना एक कोय, असा हिशेब धरला आणि शेणाने सारवलेल्या अंगणात वीस कोयांचा एक ढीग केला. "हे ठरावाच्या बाजूचे." शेजारी वीतभर जागा मोकळी सोडली. "हे विरुद्धचे." आणि पलीकडे पुन्हा वीस कोया मांडल्या. "अन् हे 205 जन, जे सभागृहात होते, पन ज्याईनं हात इकडे केला नाई अन् तिकडेई नाई."

राज्यघटनेची अट दुहेरी आहे. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश सदस्य बाजूने हवेत, आणि शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येपैकी निम्म्याहून जास्त हवेत. पहिली अट सहज पुरी झाली, कारण मत देणारे सगळेच बाजूचे होते. दुसऱ्या अटीसाठी पावणेतीनशेच्या घरात मते लागत होती, म्हणजे मामांच्या हिशेबाने सत्तावीस-अठ्ठावीस कोया. होत्या वीस. सत्ताधारी काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष मत न देता बसून राहिले आणि एकही विरोधी मत न पडता ठराव पडला. न्यायमूर्ती रामस्वामी पुढे 1994 साली निवृत्त झाले.

मी विचारले, "मग त्या 205 लोकांना ते न्यायाधीश बरे वाटत होते काय?"

"बरे वाटत असते तं विरुद्ध हात वर नसता केला?" मामा म्हणाले. "अन् वाईट वाटत असते तं बाजूनं केला असता. हात मांडीवर ठेवला, याचा अर्थ त्याईले काय वाटते हे कोनाले समजू द्याचं नाई. सोताले बी नाई."

त्या वर्षी अमरावतीच्या खासदार प्रतिभाताई पाटील होत्या, काँग्रेसच्या; आणि अकोल्याचे खासदार पांडुरंग फुंडकर होते, भारतीय जनता पक्षाचे. म्हणजे वऱ्हाडातल्या या दोन शहरांपैकी एकाची जागा सत्ताधारी बाकांवर आणि दुसऱ्याची विरोधी बाकांवर. मामा अकोल्याचे आणि मी अमरावतीचा, त्यामुळे मला उगाचच वाटले की मामा मला टोमणा मारीत आहेत. मी म्हणालो, "विरोधी पक्षाचे लोक तरी पक्ष सोडून कुठं गेले? त्यांनीही पक्षाचेच ऐकले." मामा हसले. "हे मात्र बरोबर बोलला. ज्याच्या पक्षाची अन् मनाची वाट एकच होती, त्याच्या मनाचं वजन काट्यावर चढलंच नाई."

तेराव्या वर्षी हे वाक्य माझ्या डोक्यावरून गेले. पुढे चाळिशीत ते परत आले आणि डोक्यावरच आदळले.

पण आधी पक्षनिष्ठेची बाजू ऐकून घेऊ. आपण मध्यमवर्गीय माणसे पुढाऱ्यांची चेष्टा फार सहज करतो. पक्षनिष्ठा म्हणजे लाचारी, आणि बंडखोरी म्हणजे विवेक, असे आपले सोपे समीकरण. आमच्याच प्रांतातला 1938 सालचा प्रसंग पाहिला, की ते समीकरण सुटेनासे होते.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तेव्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. नागपूरचे डॉ. ना. भा. खरे प्रमुख; प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या काळी पंतप्रधान म्हणत. मंत्रिमंडळात मराठी आणि हिंदी अशा दोन फळ्या पडल्या होत्या. पचमढीला समेट झाला, पण टिकला नाही. जुलै 1938 मध्ये खऱ्यांनी सहकाऱ्यांकडे राजीनामे मागितले, म्हणजे मंत्रिमंडळ नव्याने बांधता येईल. वऱ्हाडातले दोन मंत्री, पु. ब. गोळे आणि बॅ. रामराव देशमुख, यांनी ते दिले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी दिले नाहीत; पक्षश्रेष्ठींची आज्ञा असल्याखेरीज देणार नाही, अशी त्यांची भूमिका. गव्हर्नरांनी त्या तिघांना बडतर्फ केले. खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ आले, त्यात गोळे आणि देशमुख होते, आणि दोन-तीन दिवसांत तेही गेले. वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणी बसली, खऱ्यांवर जबर ठपका ठेवला गेला आणि शुक्ल पंतप्रधान झाले.

आता सांगा, विवेक कोणाचा? आपल्या नेत्याला शब्द दिला म्हणून राजीनामा देणाऱ्या वऱ्हाडातल्या दोघांचा? की परक्या गव्हर्नराच्या हातून बडतर्फ होणे पत्करीन, पण पक्षाची शिस्त मोडणार नाही, म्हणणाऱ्या तिघांचा? मामांचे वडील खऱ्यांच्या बाजूचे होते आणि त्यांचे धाकटे भाऊ श्रेष्ठींच्या. एका पंक्तीला बसून दोघांनी वर्षभर एकमेकांशी अबोला धरला होता, असे मामा सांगतात. पण दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सारखी असे. कोणी काय केले याबद्दल त्यांच्यात वाद नव्हता. ज्याने राजीनामा दिला त्याची सही होती, आणि ज्याने दिला नाही त्याचा नकार होता. वाद होता तो बरोबर-चुकीचा. तो वाद होऊ शकला, कारण प्रत्येकाने आपला हात दाखवला होता.

जवळच्याच यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे घ्या. 1941 साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांना ते रुचले नव्हते. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींचे उपोषण सुरू असताना होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर तेच बापूजी राजीनामा देऊन बाहेर पडले. जाणे चूक होते की बाहेर पडणे उशिरा झाले, यावर खुशाल वाद घाला. दोन्ही वेळा हात मात्र मांडीवर नव्हता.

आणि विवेक नेहमी शिक्षेच्याच बाजूने बोलतो असेही नाही. अमेरिकेत 1868 साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. सिनेटमध्ये 35 मते दोषी म्हणून पडली आणि 19 निर्दोष म्हणून. दोनतृतीयांशाला एक मत कमी पडले. त्या 19 जणांत जॉन्सन यांच्या विरोधी रिपब्लिकन पक्षाचे सातजण होते. त्यांपैकी कॅन्ससचे एडमंड रॉस पुन्हा सिनेटवर निवडून आले नाहीत. उलट 2020 साली मिट रॉम्नी यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत दिले. एकाने पक्षाविरुद्ध जाऊन सोडवले, दुसऱ्याने पक्षाविरुद्ध जाऊन दोषी ठरवले. दोघांनाही आपल्या नावाने उभे राहून सांगावे लागले.

आपल्याकडच्या सदस्याची अडचण आणखी वेगळी आहे, हेही मान्य केले पाहिजे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश, ज्याला सारेच व्हिप म्हणतात, तो मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. आदेश मोडून मत दिले तर जातेच, पण आदेश असताना मत न देता बसून राहिले तरीही जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच वाचते. घोडेबाजार थांबावा म्हणून कायदा आला, ते योग्यच झाले. पण त्याबरोबर विवेकाचेही दावे आवळले गेले.

इथवर मी वर्गात शिकवतो तसे बोललो. आता कारीट.

मी अमरावतीच्या एका पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचा संचालक आहे. संस्थेचे नाव सांगणार नाही, कारण दोष संस्थेचा नाही. आम्ही संचालक तेराजण. दोन वर्षांपूर्वी असे उघडकीस आले, की आमच्या अध्यक्षांनी स्वतःच्या जावयाला जामीनदाराशिवाय मोठे कर्ज दिले आहे. ते उघडकीस आणले संस्थेच्या हिशेबनीस बाईंनी. त्यांनी कोणाच्या कानात काही सांगितले नाही. कर्जाच्या नोंदवहीचे पान उघडून सभेच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "जामीनदाराचा रकाना कोरा आहे. मी काय लिहू?"

अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव आला. निबंधक कार्यालयाचे अधिकारी सभेला बसले. नियम असा, की तेरापैकी दोनतृतीयांश, म्हणजे नऊजण बाजूने हवेत. अध्यक्ष स्वतः आले नाहीत. बाजूने आठ हात वर झाले. विरुद्ध शून्य. आम्ही चौघे तटस्थ.

होय, चौघांत मी होतो.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा रात्री दहा वाजता कपाट उघडून याच अध्यक्षांनी मला उचल दिली होती. निवडणुकीत आम्ही त्यांच्याच पॅनेलमधून निवडून आलो होतो. आदल्या दिवशी घरी चहाला बोलावून ते म्हणाले होते, "सर, मी तुम्हाला माझ्या बाजूनं मत द्या असं म्हणत नाही. फक्त विरुद्ध देऊ नका." किती माफक मागणी! मला वाटले, हा सुवर्णमध्य आहे. उपकारही फिटतात आणि खोटेही बोलावे लागत नाही. ठराव पुकारला गेला तेव्हा मी माझा हात पाहिला. तो मांडीवर होता आणि शेंगदाण्याचे टरफल चिवडीत होता. सभेत चिवडा-शेंगदाणे ठेवले होते.

एका मताने ठराव पडला. कोयांचा हिशेब मला ताबडतोब आठवला, असे लिहिले तर गोष्ट छान होईल. पण तो आठवला नाही. मला फक्त हायसे वाटले.

पंधरा दिवसांत हिशेबनीस बाईंची बदली परतवाड्याच्या शाखेत झाली. त्यांच्या घरी अंथरुणावर खिळलेल्या सासूबाई आहेत. रोज सकाळी सातची एस. टी., संध्याकाळी अंधार पडल्यावर परत. एकदा बसस्थानकावर त्या भेटल्या. मी नजर चुकवणार, तोच त्या स्वतःहून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही माझ्या विरुद्ध मत दिलं नाही, याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते." त्या उपरोधाने बोलल्या असत्या तर बरे झाले असते. त्या मनापासून बोलल्या.

गेल्या भाऊबिजेला मामा अमरावतीला आले. वयाची ऐंशी ओलांडली आहे, पण माझ्या आईच्या हातचे ओवाळून घ्यायला बडनेऱ्याला गाडीतून उतरून रिक्षाने येतातच. जेवणानंतर मी सारी हकीकत सांगितली, थोडी साळसूदपणे. नियम सांगितला, आकडे सांगितले, वडिलांच्या आजारपणाचे सांगितले. मामा सुपारी कातरीत ऐकत होते.

"हे सारं समजलं," ते म्हणाले. "हात कुठं होता रे तुहा?"

"मांडीवर."

त्यांनी पुढे काही विचारले नाही. आई म्हणाली, "अरे, उपकार विसरावेत का माणसानं?" त्यावर मामा म्हणाले, "नाई विसरावं माय. त्यानं उठून सांगावं होतं, का या मान्साचे उपकार आहेत माह्यावर, म्हनून मी याच्या बाजूनं उभा आहे. लोकाईनं शिव्या देल्ल्या असत्या. त्या खाव्या होत्या. नाईतर म्हनावं होतं, उपकार आहेत, पन कर्ज चूक आहे. मंग अध्यक्षानं शिव्या देल्ल्या असत्या. याले कोनाच्याच शिव्या खाच्या नोत्या."

मला वाटते, लोकसभेपासून पतसंस्थेपर्यंत साऱ्या प्रकरणांचा निवाडा त्या सुपारीच्या अडकित्त्यात होता. निष्ठा आणि विवेक यांतले एक निवडणे अवघड आहे, आणि चुकीचे निवडणारा माणूसही आदरणीय असू शकतो. पण दोन्ही सांभाळल्याचा देखावा करून किंमत तिसऱ्याच्या नावावर टाकणे, हे मात्र निवडणेच नव्हे. तटस्थाला वाटते की आपण तराजूच्या बाहेर उभे आहोत. प्रत्यक्षात त्याचे वजन पारड्यात पडलेले असते. कोणत्या पारड्यात, ते त्याला पाहायचे नसते, एवढेच.

या सप्टेंबरमध्ये संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. मी उठलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी तटस्थ राहिलो. अध्यक्षांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी नाकारीत नाही. पण ते कर्ज नियमबाह्य होते आणि माझे मत ठरावाच्या बाजूने पडायला हवे होते. हे इतिवृत्तात लिहावे आणि हिशेबनीसांची बदली रद्द करावी." पाय लटपटत होते. पंचवीस वर्षे वर्गात व्याख्याने देणाऱ्यांनाही तशा सभेत घसा कोरडा पडतो, हे माझे नम्र संशोधन.

फार काही घडले नाही. माझे म्हणणे इतिवृत्तात दोन ओळींत लिहिले गेले. बदलीचा विषय "योग्य वेळी विचारात घेऊ" म्हणून पुढे ढकलला. अध्यक्ष अजून अध्यक्षच आहेत. सकाळी फिरायला जाताना आमच्या पॅनेलची मंडळी आता मला पाहून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जातात. त्यांतल्या एकाने मात्र परवा मागे वळून हळूच विचारले, "सर, ते इतिवृत्तात लिहायला अर्ज द्यावा लागतो का?"

या भाऊबिजेला मामा येतील. सुपारी कातरता कातरता ते पुन्हा विचारतील, आणि या खेपेला मला हात दाखवता येईल. पण परतवाड्याची सातची एस. टी. अजून सुटते आणि त्या बाई अजून तिच्यात बसतात, हेही त्यांना सांगावे लागेल.